एकाच बाजूची शिट्टी: दमा आणि श्वासनलिकेतली कार्सिनॉइड गाठ

सोलापुरात यंत्रमागावरच्या वीस-बावीस वर्षांच्या पोराची छाती वाजू लागली की दोष सुताच्या धुळीवर जातो, दमा ठरतो आणि पंप सुरू होतो. बहुतेकदा ते बरोबरच असतं. पण ब्राँकियल कार्सिनॉइड हा फुफ्फुसाचा दुर्मीळ, सावकाश वाढणारा कर्करोगही असाच वाजतो. तो फुफ्फुसाच्या इतर कर्करोगांपेक्षा कमी वयात दिसतो, शाळकरी मुलांतही. त्यामुळे ‘पोरगं बिडीला शिवत नाही’ म्हणून तो बाद होत नाही.

दम्यात दोन्ही फुफ्फुसं वाजतात. स्टेथोस्कोप कुठंही ठेवा, श्वास सोडताना बारीक-जाड अनेक सूर येतात. धुळीनं, थंडीनं, रात्री त्रास वाढतो, मधले दिवस मोकळे जातात. गाठ मात्र एकाच नळीत असते. शिट्टी एकाच बाजूला, एकाच सुरात, खोकलं तरी जागा न सोडणारी. गाठीत रक्तवाहिन्या भरपूर, म्हणून थुंकीत रक्त येतं. साध्या दम्यात ते येत नाही. नळी अडल्यानं मागे कफ साचतो आणि न्यूमोनिया पुन्हा पुन्हा त्याच भागात होतो.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही कधी कधी चार दिवस बरं वाटतं आणि दम्याचा शिक्का पक्का होतो. रक्त दिसलं की टीबीचा संशय येतो. तो यायलाच हवा, पण एक्स-रेतल्या सावलीवर सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू करण्याआधी थुंकीची सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी तपासणी) करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून श्वास मोजायची तपासणी, पंपाआधी आणि पंपानंतर १५ मिनिटांनी करतात. पहिल्या सेकंदाला बाहेर पडणारी हवा १२ टक्के आणि २०० मिलीनं वाढली, तर कौल दम्याकडे. वाढली नाही म्हणजे लगेच गाठ, असंही नाही. एकाच बाजूला वाजत असेल तर एक्स-रे दोन काढायला सांगावेत: एक श्वास भरून, दुसरा पूर्ण सोडून. गाठ झडपेसारखी बसली असेल तर श्वास सोडल्यावरही ती बाजू काळीच राहते आणि हृदयाची सावली निरोगी बाजूला सरकते. एक्स-रे स्वच्छ आला तरी संशय असल्यास डाय देऊन सीटी करावा. मग ब्राँकोस्कोपी, म्हणजे दुर्बीण घालून श्वासनलिका आतून बघणं. गाठ गुळगुळीत, लालसर दिसते. तुकडा घेताना रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून तो थांबवायची तयारी असेल तिथंच हे करावं.

दम्याला इनहेलर वर्षानुवर्षं लागू शकतो. कार्सिनॉइडला मुख्य उपाय शस्त्रक्रिया. जागा सोयीची असेल तर नळीचा गाठीचा तुकडा काढून टोकं जोडतात आणि निरोगी फुफ्फुस वाचवतात. ‘टिपिकल’ या सौम्य प्रकारात ५ वर्षांनंतर ९० टक्क्यांच्या आसपास रुग्ण हयात असतात. ‘अटिपिकल’ या जास्त आक्रमक प्रकारात प्रमाण कमी. गाठ उशिरानंही उलटू शकते, त्यामुळे तपासण्या १० वर्षं तरी चालू ठेवतात.