नेतृत्वाची शैली प्रसंग पाहून बदलावी, हा विचार आला कुठून?

सगळ्यांना एकाच काठीने हाकू नये, हे चार माणसांकडून काम करून घेणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी उमगतं. नेतृत्वाचा अभ्यास मात्र बराच काळ नेत्याच्याच अंगातले गुण शोधत राहिला. थॉमस कार्लाईल यांनी १८४० मध्ये लंडनला दिलेल्या व्याख्यानांत इतिहास थोर पुरुष घडवतात, असं मांडलं होतं. त्या विचाराची छाया पुढे शंभर वर्षं हटली नाही. १९४८ मध्ये राल्फ स्टॉगडिल यांनी शंभराहून अधिक संशोधनं तपासली. सगळीकडे चालेल असा गुणांचा संच त्यांना सापडला नाही. कोणते गुण उपयोगी पडतील, हे परिस्थितीवर ठरतं, असं त्यांनी लिहिलं.

त्याआधीच अमेरिकेतल्या आयोवात एक प्रयोग झाला होता. माझ्या मते या विषयाची खरी सुरुवात तिथेच आहे. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून आलेले कुर्ट लेविन आणि त्यांचे सहकारी रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांनी दहा वर्षांच्या मुलांचे छोटे गट केले. मुलं मुखवटे बनवायची, हस्तकला करायची. प्रत्येक गटावर एक मोठा माणूस असे. कधी तो हुकूम सोडायचा, कधी मुलांशी बोलून ठरवायचा, तर कधी त्यांना पूर्ण मोकळं सोडायचा. नेता खोलीत असताना हुकुमाखाली दबलेल्या गटांचा ७४ टक्के वेळ कामात जाई. तो बाहेर पडला की हे प्रमाण २९ टक्क्यांवर येई. चर्चेने चालणाऱ्या गटांत ते ५० वरून फक्त ४६ वर उतरे. हे आकडे पुन्हा पुन्हा सांगितले जातात. मला त्याहून मोलाची वाटते ती प्रयोगाची मांडणी. तीच मोठी माणसं आलटून पालटून वेगवेगळ्या शैलीत वागत होती. म्हणजे शैली स्वभावाला चिकटलेली नसते, ती शिकता येते, हे १९३९ मध्येच कागदावर आलं होतं.

१९५८ मध्ये रॉबर्ट टॅनेनबॉम आणि वॉरेन श्मिट यांनी ‘मी ठरवलं, तुम्ही करा’पासून ‘या मर्यादेत तुम्हीच ठरवा’पर्यंत सात पायऱ्या मांडल्या. फ्रेड फीडलर यांचं १९६० च्या दशकातलं म्हणणं वेगळं होतं. माणसाची शैली सहसा बदलत नाही, तेव्हा त्याला साजेशी जागा द्या किंवा परिस्थितीच बदला, असं ते सांगत. आपली शैली रेटून बदलू पाहणाऱ्याची ओढाताण ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना फीडलर सहज मोडीत काढता येणार नाहीत.

आज प्रशिक्षणवर्गांत शिकवली जाते ती मांडणी पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांची, १९६९ सालची. तिचं सुरुवातीचं नाव ‘जीवनचक्र सिद्धान्त’. मूल वाढत जातं तसे आईवडील हात सैल करत जातात, ही त्यामागची उपमा. आधी सांगणं, मग पटवणं, मग सहभागी करून घेणं आणि शेवटी सोपवणं. पुढे दोघांनी आपापल्या वेगळ्या आवृत्त्या केल्या. शैली निवडायची ती हाताखालचा माणूस किती तयार आहे ते पाहून; त्यासाठी आधी वापरलेला ‘प्रगल्भता’ हा शब्द जाऊन हर्सींकडे ‘तयारी’ आणि ब्लँचर्ड यांच्याकडे ‘विकासाची पातळी’ आली.

या मांडणीतला गाभा वापरताना निसटतो, याची मला खंत वाटते. तयारी मोजायची ती माणसाची नाही, त्या एका कामापुरती. पंधरा वर्षं हिशेब चोख ठेवणारी व्यक्ती नव्या सॉफ्टवेअरपुढे पहिल्या दिवशी नवखीच असते. कुठे क्लिक करायचं, चुकलं तर मागे कसं यायचं, हे तिला शेजारी बसून दाखवायला हवं. ‘तुम्ही अनुभवी आहात, बघून घ्या’ असं म्हणत तिला एकटं सोडणं म्हणजे विश्वास दाखवणं नव्हे. तिच्या हिशेबात रोज डोकावणंही तितकंच चूक. पण बरेच जण ‘हा शिकाऊ, ती तयार’ अशी चिठ्ठी माणसालाच चिकटवून मोकळे होतात.

सिद्धान्ताची कसोटीही लागली. १९८७ मध्ये रॉबर्ट व्हेकिओ यांनी माध्यमिक शाळांतल्या शिक्षकांवर तो तपासला. नवख्यांना नेमक्या सूचना लागतात, हा भाग बऱ्यापैकी टिकला. मधल्या टप्प्यावर निष्कर्ष धूसर आले आणि अनुभवी शिक्षकांच्या बाबतीत सिद्धान्ताचं भाकीत खरं ठरलं नाही.