चार्जरमधली निळी चकती

पावसाळ्यात ओलसर लादीवर अनवाणी उभं राहून चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या पाठीवर बोट फिरवलं, की बारीक झिणझिण्या येतात. घरच्या वायरिंगमध्ये खोट असेलच असं नाही. चार्जर दोन पिनांचा असेल तर बहुतेक वेळा हा आतल्या निळ्या चकतीचा, म्हणजे वाय कपॅसिटरचा प्रताप असतो.

चार्जरमध्ये एकीकडे २३० व्होल्टची मेन्स, दुसरीकडे आपला हात लागणारी बाजू. मधल्या ट्रान्सफॉर्मरमुळे दोन्हींत तारेचा जोड नसतो. मग ही भिंत कपॅसिटर लावून मुद्दाम का ओलांडायची? आतला मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, सेकंदाला लाखभर वेळा चालू-बंद होतो आणि त्याचा विद्युत गोंगाट ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांमधून पलीकडे झिरपतो. कपॅसिटरने त्याला परतायला जवळची वाट दिली नाही, तर वायरच अँटेना बनते. रेडिओवर मीडियम वेव्ह खरखरते, फोनचा टचस्क्रीन भलतीकडेच उड्या मारतो. (अगदी स्वस्त चार्जरमध्ये ही चकती कधीकधी गाळलेलीच असते.)

२.२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर १ लाख हर्ट्झला जेमतेम ७२० ओहम अडथळा करतो, मेन्सच्या ५० हर्ट्झला मात्र साडेचौदा लाख. म्हणून मेन्सचा करंट त्यातून फार तर ०.१६ मिलिअँपिअर जातो. दोन पिनांच्या उपकरणांना ०.२५ ही रूढ मर्यादा. गोंगाट आणखी दाबायला ४.७ नॅनोफॅरडचा लावला, तर आकडा ०.३४ वर जाऊ शकतो.

खरी मेख दुरुस्तीत आहे. मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या लॅमिंग्टन रोडवर २ किलोव्होल्टची साधी सिरॅमिक चकतीही मिळते, दिसायलाही तशीच. ती इथे लावू नये. विजेच्या कडकडाटात मेन्सवर हजारो व्होल्टचा झटका येतो आणि साधा कपॅसिटर त्यात शॉर्ट होऊ शकतो. फेज आणि न्यूट्रलमधला एक्स कपॅसिटर शॉर्ट झाला तर निदान फ्यूज उडतो. इथे परतीची वाट माणसाच्या अंगातून जाते, आणि फ्यूज उडण्याइतका करंट तिथून वाहतच नाही. वाय कपॅसिटरच्या वाय१ या वर्गाची चाचणी ८ किलोव्होल्टच्या झटक्यांनी होते, वाय२ची ५ च्या. म्हणून भिंत ओलांडायला वाय१ एकटा चालतो, वाय२ घ्यायचे तर सहसा दोन, एकापुढे एक. अंगावर छापलेला हा वर्ग वाचूनच विकत घ्यावा.

रुग्णाच्या शरीराला जोडायच्या उपकरणांत मर्यादा ०.१ मिलिअँपिअर, थेट हृदयाशी जोड असेल तर ०.०१. तिथे हा कपॅसिटर अगदी लहान ठेवतात किंवा काढूनच टाकतात, आणि गोंगाट अडवायला ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांमध्ये तांब्याचा पत्रा घालतात.