साहाय्यार्थ संग्रह

साहाय्यार्थ संग्रह : अनेक लेखकांनी मोबदला न घेता दिलेले लेखन एकत्र करून काढलेला आणि विक्रीचे उत्पन्न ठरावीक कार्याला किंवा गरजू कुटुंबाला देणारा ग्रंथ. एका लेखकाने स्वतःच्या पुस्तकाचे स्वामित्वधन दान करणे, तसेच एखाद्याच्या सन्मानार्थ गौरवग्रंथ काढणे, हे प्रकार यात धरत नाहीत.

या प्रकाराच्या उगमाविषयी एकमत नाही. नाताळात भेट देण्याजोगी सचित्र वार्षिके हे त्याचे मूळ, असे सामान्यतः सांगितले जाते. जर्मन नमुन्यावर रूडॉल्फ ॲकरमनने लंडनमध्ये ‘फर्गेट मी नॉट’ हे वार्षिक १८२२ च्या अखेरीस काढले आणि पुढे त्याची अनेक अनुकरणे निघाली. मात्र स्कॉटिश कवयित्री व नाटककार जोअना बेली हिचा कवितासंग्रह १८२३ मध्येच, म्हणजे वार्षिकांची लाट येण्यापूर्वी प्रसिद्ध झाला. अडचणीत सापडलेल्या स्नेह्यांसाठी तिने हयात कवींकडून अप्रकाशित रचना मागवल्या आणि प्रती आगाऊ वर्गणीदारांना विकल्या. सर वॉल्टर स्कॉटची ‘मॅक्डफ्स क्रॉस’ ही नाट्यरचना याच संग्रहात प्रथम आली. वर्ड्‌स्वर्थनेही कविता दिल्या. हे पाहता आगाऊ वर्गणीची जुनी पद्धत हेच मूळ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. वार्षिकांनी बहुधा तिला फक्त देखणे रूप दिले.

व्यक्तीऐवजी सार्वजनिक कार्यासाठी निघालेला पहिला संग्रह कोणता, हा प्रश्न वेगळा. शेफील्डचा कवी-संपादक जेम्स माँटगमरी याने १८२४ मध्ये धुराडी साफ करण्यासाठी त्यांत चढवल्या जाणाऱ्या लहान मुलांच्या बाजूने एक संग्रह काढला. त्यालाच हा मान बहुतेक वेळा दिला जातो. त्यातील सर्वांत मोलाची रचना कवी विल्यम ब्लेकची, पण ती पाठवली निबंधकार चार्ल्स लँबने. पाठवताना कवितेतल्या मुलाचे नाव टॉम डेकरचे टॉम टॉडी झाले. शिवाय ती आधीच छापलेली होती. तिला योगदान म्हणावे की उतारा, यावर हा संग्रह या प्रकारात कितपत बसतो हे ठरते. मुलांना धुराड्यात चढवण्याची प्रथा इंग्लंडमध्ये परिणामकारकपणे थांबली ती १८७५ च्या कायद्यानंतर.

१८३७ चा ‘द ट्रिब्यूट’ हा लॉर्ड नॉर्थॅम्प्टनने एडवर्ड स्मेडली या धर्मोपदेशकासाठी योजलेला संग्रह. स्मेडली १८३६ मध्येच वारल्याने तो त्याच्या कुटुंबाच्या साहाय्यार्थ निघाला. कवी टेनिसनने आधी चक्क नकार दिला होता. बड्या किताबवाल्यांसाठी लिहिणे म्हणजे बोकडाचे दूध काढणे, अशा आशयाचे पत्र त्याने मित्राला लिहिले. मित्राने नेट धरल्यावर त्याने जी कविता दिली, तिच्यातूनच पुढे ‘मॉड’ (१८५५) हे दीर्घकाव्य वाढले. साहाय्यार्थ संग्रहात लेखक उरलेसुरले देतात, हा समीक्षकांचा जुना आक्षेप या एका उदाहरणापुढे तरी टिकत नाही.

अमेरिकेत या प्रकाराला चळवळीचे बळ मिळाले. मराया वेस्टन चॅपमन हिने बॉस्टनच्या गुलामगिरीविरोधी जत्रेत विकण्यासाठी ‘द लिबर्टी बेल’ हे वार्षिक सुरू केले. १८३९ ते १८५८ या काळात त्याचे पंधरा खंड निघाले, मधली काही वर्षे ते निघाले नाही. लेखकांना मोबदला म्हणून ग्रंथाची एक प्रत मिळे. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगची पळून आलेल्या गुलाम स्त्रीवरची कविता इटलीहून आली आणि १८४८ च्या खंडात छापली गेली. रॉचेस्टरच्या गुलामगिरीविरोधी महिला मंडळासाठी ज्यूलिया ग्रिफिथ्सने काढलेल्या ‘ऑटोग्राफ्स फॉर फ्रीडम’मध्ये (१८५३) प्रत्येक लेखाखाली लेखकाच्या सहीचा ठसा होता. गुलामगिरीतून निसटलेला वक्ता-लेखक फ्रेडरिक डग्लस याची एकमेव कथा ‘द हिरॉइक स्लेव्ह’ त्यातलीच.

अमेरिकन यादवीमुळे कापूस बंद होऊन इंग्लंडमधील लँकेशरचे गिरणी कामगार उपाशी पडले, तेव्हा त्यांच्यासाठी १८६३ मध्ये निघालेल्या संग्रहात क्रिस्टिना रोझेटीची ‘अ रॉयल प्रिन्सेस’ ही कविता आली. त्याच टंचाईने मुंबईच्या बाजारात आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसात पैसा खेळत होता.

पहिल्या महायुद्धात असे ग्रंथ वृत्तपत्रे व राजघराण्यांच्या आश्रयाने निघाले. बेल्जियमसाठी हॉल केनने संपादलेले ‘किंग ॲल्बर्ट्‌स बुक’ (१९१४) आणि निर्वासितांसाठी ईडिथ व्हॉर्टनने केलेले ‘द बुक ऑफ द होमलेस’ (१९१६) हे विशेष प्रसिद्ध आहेत. व्हॉर्टनने मूळ हस्तलिखिते व चित्रे यांचाही लिलाव केला. ‘प्रिन्सेस मेरीज गिफ्ट बुक’मधील (१९१४) नाचत्या पऱ्यांच्या चित्रावरून १९१७ मध्ये इंग्लंडमधील कॉटिंग्ली गावच्या दोन मुलींनी कागदी पऱ्या कापल्या आणि खऱ्या पऱ्या म्हणून त्यांची छायाचित्रे काढली. त्या छायाचित्रांवर विश्वास ठेवणाऱ्या, शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉइल याची कथा त्याच पुस्तकात होती!

अलीकडच्या संग्रहांत दक्षिण आफ्रिकी लेखिका नेडीन गॉर्डिमर-संपादित ‘टेलिंग टेल्स’ (२००४) महत्त्वाचा. एकवीस लेखकांच्या कथांचे उत्पन्न दक्षिण आफ्रिकेतील एड्स-उपचारांच्या चळवळीला दिले गेले. भारतात ‘एड्स सूत्र’ (२००८) या इंग्रजी संग्रहात लेखकांनी प्रत्यक्ष फिरून वृत्तांत लिहिले. प्रस्तावना अमर्त्य सेन यांची.

मराठीत अनेकहाती वार्षिकाची परंपरा दिवाळी अंकाच्या रूपाने (‘मनोरंजन’, १९०९) भक्कम आहे, पण ती जाहिरात व विक्रीवर उभी आहे. पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाने दिलेल्या देणग्या हे उदार दान खरे, तरी ते या नोंदीच्या कक्षेबाहेरचे.

भारतीय स्वामित्वहक्क कायद्याच्या (१९५७) कलम १९ नुसार हक्काचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी लागते. मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे आणि क्षेत्र नमूद नसेल तर केवळ भारत धरले जाते. संपादकाने तोंडी होकारावर लेख घेतला, तर पुढची आवृत्ती किंवा भाषांतर काढून त्याचे पैसे त्याच कार्याला देणे अडते. म्हणून लेख मागतानाच मुदत, भाषा आणि उत्पन्न कोणाला जाणार हे करारात लिहून घेणे आवश्यक ठरते.