अर्थ राहतो, शब्द निसटतात

भाषण संपल्यावर ‘काय म्हणाले?’ असं विचारलं तर आपण सारांश सांगतो. नेमकं वाक्य क्वचितच आठवतं. १९६७ साली मानसशास्त्रज्ञ जॅकलिन सॅक्स यांनी हे प्रयोगाने दाखवलं. उतारा ऐकवताना मध्येच थांबून आधीचं एक वाक्य पुन्हा ऐकवलं, कधी जसंच्या तसं, कधी बदलून. ‘त्याने गॅलिलिओला पत्र पाठवलं’ याचं ‘गॅलिलिओने त्याला पाठवलं’ झालं, की लोक बहुधा चूक पकडत. अर्थ तोच ठेवून नुसती वाक्यरचना बदलली, तर मात्र जेमतेम अर्ध्या मिनिटानंतरही तो बदल फारसा ओळखता येईना.

रोजच्या व्यवहारात यामुळे काही बिघडत नाही. चिकित्सकपणे ऐकायचं असेल तर नडतं, कारण पटवण्याची सगळी कारागिरी रचनेतच असते. ‘आम्ही चुका केल्या’ आणि ‘चुका झाल्या’ ही वाक्यं थोड्या वेळाने सारखीच वाटू लागतात. दुसऱ्यात चूक करणारा कुणी उरलेलाच नसतो. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक तर मराठीची मोठी देणगी. ‘आम्ही’तून श्रोता वगळला जातो, ‘आपण’मध्ये तो सामील होतो. ‘आम्ही हे करून दाखवलं, आता आपल्याला थोडी झळ सोसायची आहे’ हे वाक्य सावकाश वाचा. श्रेय कुणाकडे गेलं आणि झळ कुणाच्या वाट्याला आली?

म्हणून ऐकताना कागद उभा दुमडावा. डावीकडे वक्त्याचे शब्द जसेच्या तसे, उजवीकडे आपले प्रश्न. वक्ता मिनिटाला साधारण १२० ते १५० शब्द बोलतो. हात तेवढा चालत नाही. तेव्हा सगळं टिपायच्या नादी लागू नये. क्रियापदं, सर्वनामं आणि आकडे एवढंच पकडावं. आकड्यासमोर ‘किती पैकी?’ लिहावंच: पाचाचे सात झाले तरी वाढ ४० टक्के! फसगत होते ती वेगळ्याच जागी. नावडत्या वक्त्याच्या वेळी उजवा रकाना भरून वाहतो, आवडत्याच्या वेळी कोरा राहतो. दोन्ही कागद शेजारी ठेवले की हे लगेच दिसतं.

वाचताना मागे वळता येतं, ही मोठी सोय. कथेचं पहिलं वाचन पेन्सिल बाजूला ठेवूनच करावं; आधी कथा होऊ द्यावी. दुसऱ्या वाचनात निवेदकाला काय ठाऊक नाही आणि तो कुठे गप्प बसतो, तिथे खुणा कराव्यात. कथेतला ‘मी’ म्हणजे लेखकच, असं धरून चालणं ही नेहमीची चूक. त्यामुळे निवेदक खोटं बोलत असेल ही शक्यताच सुटून जाते.

कविता मात्र मोठ्याने वाचावी, तीही दोनदा. एकदा ओळ तुटते तिथे थांबून, एकदा वाक्य संपतं तिथे. दोन्ही वेळा अर्थ वेगळा लागला, तर कवीने ओळ तिथेच का तोडली याचा शोध त्या जागेपासून सुरू करावा.