जूनमध्ये सहा पूर्ण नाहीत? तरी पहिली मिळते

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत दर उन्हाळ्यात हीच चर्चा: "जूनमध्ये सहा पूर्ण नसतील तर पहिलीत घेत नाहीत, वर्ष फुकट जातं." पूर्वी डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान पकडता आला की गुरुजी नाव घालायचे आणि जन्मतारीख १ जून टाकून मोकळे व्हायचे. बहुधा त्यामुळेच जून डोक्यात बसलाय.

महाराष्ट्रात वय मोजतात ते ३१ डिसेंबरला. २०२० च्या शासन निर्णयाने आधीची ३० सप्टेंबरची तारीख पुढे नेली. म्हणजे नोव्हेंबर २०१९ मध्ये जन्मलेली मुलगी जून २०२५ ला पाच वर्षं सात महिन्यांची असली, तरी पहिलीला पात्र. नर्सरीलाही हाच दिवस धरतात, फक्त वय तीन.

दुसरी अफवा जास्त वाईट: जन्मदाखला नसेल तर प्रवेश नाही. बांधकामावरच्या मजूर आयांना हे सांगून परत पाठवलेलं मी पाहिलंय. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १४ सरळ सांगतं की वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येणार नाही. अंगणवाडीतली नोंदही चालते. आणि आठ वर्षांचं पोर शाळेत कधी गेलंच नसेल, तर कलम ४ प्रमाणे त्याला पहिलीत नव्हे, वयानुरूप वर्गात बसवायचं.