छाटलेला अष्टफलक आणि घनाष्टफलक: अवकाश एकट्याने कोण भरतो?

आठ समभुज त्रिकोणांनी बनलेल्या सुसम अष्टफलकाची सहा टोके सारख्या मापाने छाटली, की प्रत्येक छेदाच्या जागी एक चौरस उमटतो. प्रत्येक कडेचे तीन समान भाग करून दोन्ही टोकांकडचे भाग काढले, तर त्रिकोणांचे सुसम षट्कोन होतात आणि ६ चौरस व ८ षट्कोनांचा ‘छाटलेला अष्टफलक’ मिळतो. यात मूळ घनफळाचा केवळ नववा हिस्सा जातो. छेद कडांच्या मध्यबिंदूंपर्यंत नेले, तर त्रिकोण लहान होऊन उलटे बसतात आणि ६ चौरस व ८ त्रिकोणांचा ‘घनाष्टफलक’ तयार होतो. दोघांनाही पृष्ठे १४ आणि दोघेही तेरा आर्किमिडीय घनाकृतींपैकी (एकाहून अधिक प्रकारच्या सुसम बहुभुजांच्या, सगळे कोपरे सारखे असलेल्या आकृतींपैकी), त्यामुळे एकाचा गुण दुसऱ्याच्या नावावर सहज खपतो. प्रत्यक्षात त्या तेरांपैकी एकट्याने, फट न ठेवता अवकाश भरणारा एकच आहे, तो म्हणजे छाटलेला अष्टफलक.

घनाष्टफलकाला हे का जमत नाही, ते त्याच्या एका कडेकडे नीट पाहिले की कळते. त्याच्या सर्व २४ कडांवर एकीकडे चौरस व दुसरीकडे त्रिकोण असतो आणि त्यांच्यामधला आतला कोन सगळीकडे सुमारे १२५.२६° भरतो. एका कडेभोवती दोन घनाष्टफलक बसवले, की १०९.४७° एवढी जागा उरते आणि तिसरा तिथे मावत नाही. कड दुसऱ्याच्या सपाट पृष्ठावर टेकवली, तरी उरलेली सुमारे ५४.७४° ची फट बुजवील असा कोन त्याच्याजवळ नाही. मात्र १०९.४७° हा मूळ अष्टफलकाच्या लगतच्या पृष्ठांमधलाच कोन असल्यामुळे, प्रत्येक घनाष्टफलकामागे सारख्या कडेचा एक अष्टफलक सोबतीला घेतला, तर दोघे मिळून अवकाशात फट उरू देत नाहीत.

छाटलेल्या अष्टफलकाला अशा सोबतीची गरज का पडत नाही? त्याच्या ३६ कडांपैकी २४ कडांवर चौरस व षट्कोन भेटतात आणि तिथेही कोन १२५.२६° च असतो. पण उरलेल्या १२ कडांवर दोन षट्कोन भेटतात. या १२ कडा म्हणजे जुन्या अष्टफलकाच्या कडांचे वाचलेले मधले तृतीयांश होत आणि त्यांच्यावर जुना १०९.४७° चा कोन जसाच्या तसा शाबूत आहे. घनाष्टफलकात मध्यापर्यंत छेद गेल्यामुळे जुनी एकही कड शिल्लक राहत नाही. दोन्ही रचनांत कडेभोवतीची बेरीज तीच, दोनदा १२५.२६° आणि एकदा १०९.४७°, एकाला तिसरा कोन बाहेरून आणावा लागतो, तर दुसऱ्याने तो स्वतःत जपलेला असतो. मला हा सारा विषय या वाचलेल्या तृतीयांशातच दडलेला दिसतो.

अर्थात, कडेभोवती कोन जुळले म्हणून सगळीकडे मांडणी जमेलच असे नाही. ती जमते हे पाहण्यासाठी सारखे घन (सहा चौरस पृष्ठांचे ठोकळे) एकमेकांना लावून रचावेत, प्रत्येक घनाचे केंद्र व कोपरे हे बिंदू घ्यावेत आणि अवकाशातील प्रत्येक जागा तिला सर्वांत जवळच्या बिंदूला द्यावी. प्रत्येक बिंदूच्या वाट्याला घनाच्या निम्म्या घनफळाचा छाटलेला अष्टफलक येतो. चौरसांपलीकडे त्याचे ६ शेजारी असतात आणि षट्कोनांपलीकडे ८. लॉर्ड केल्विन यांनी १८८७ मध्ये फेसाच्या समान घनफळाच्या बुडबुड्यांमधल्या पडद्यांचे क्षेत्रफळ कमीत कमी राहावे म्हणून हाच आकार, पृष्ठे किंचित वाकवून, सुचवला होता. १९९३ मध्ये वेअर आणि फेलन या भौतिकशास्त्रज्ञांनी त्याहून सुमारे ०.३ टक्के कमी क्षेत्रफळाची रचना दाखवली.

घनाष्टफलकाचे नाव या चर्चेत वारंवार येते, त्याचेही कारण आहे. त्याच्या केंद्रापासून प्रत्येक शिरोबिंदूचे अंतर कडेच्या लांबीइतकेच असते. म्हणून सारखे गोल घनीय पद्धतीने दाटीने रचले, की एका गोलाला टेकलेल्या १२ गोलांची केंद्रे घनाष्टफलकाचे शिरोबिंदू होतात. पण तो शेजाऱ्यांच्या केंद्रांनी आखलेला आकार आहे. गोलाच्या वाट्याला येणारी जागा मोजली, तर तिथे बारा समभुज चौकोनांचा वेगळाच बहुफलक मिळतो.