जुन्या गाड्यांतील पेट्रोल-पुरवठ्याचे दोष (ठाणे-नवी मुंबई परिसर)

कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) गाडीत टाकीतले पेट्रोल इंजिनापर्यंत न पोहोचणे, तुटकतुटक पोहोचणे किंवा गरजेपेक्षा जास्त जाणे, हे या दोषांचे स्वरूप. ठाणे-नवी मुंबईत जपलेल्या जुन्या गाड्यांपैकी प्रीमियर पद्मिनी जवळच्याच कुर्ल्याच्या कारखान्यातली. तिच्या १०८९ सीसी इंजिनावर यांत्रिक पंप असतो. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या कॅमशाफ्ट या दांड्यामुळे त्याचा लिव्हर हलतो, डायफ्राम (पंपातला लवचीक पडदा) खालीवर होतो आणि मागच्या टाकीतले पेट्रोल फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या छोट्या साठवणकप्प्यात येते.

गाडी झटके मारू लागली की आधी कार्बोरेटर खोलला जातो. ही घाई टाळावी. इंजिन थंड झाल्यावर कार्बोरेटरकडे येणारी नळी सोडवून बाटलीत धरावी, ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलची वायर काढावी आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. जवळ विडी-काडी नको, अग्निशामक हवा. पंपाच्या दर ठोक्याला भरदार चिळकांडी उडाली तर पंपापर्यंत सगळे ठीक आहे. मग कार्बोरेटरमधले जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रे) आणि नीडल व्हॉल्व्ह (फ्लोट चेंबरमध्ये येणारे पेट्रोल रोखणारी झडप) पाहावेत. बुडबुडे आले तर लाइन (टाकीपासूनची पेट्रोलची नळी) हवा घेते आहे. बहुधा रबरी नळी तडकलेली असते किंवा क्लिप ढिली. काहीच आले नाही तर टाकीचे झाकण उघडून पुन्हा पाहावे. झाकणाचे हवेचे छिद्र बुजले की टाकीत निर्वात होतो आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. उघडताना ‘फुस्स’ आवाज ही त्याची खूण. फाटलेल्या डायफ्राममधून पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरते आणि डिपस्टिकला (ऑइल मोजायच्या पट्टीला) पेट्रोलचा वास येतो. अशी गाडी मुळीच चालवू नये. डायफ्रामबरोबर ऑइलही बदलावे.

मे महिन्यात घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढाला ट्रकांच्या मागे रखडलेली गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. हा व्हेपर लॉक: तापलेल्या लाइनमध्ये पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ढकलता येत नाही. पंपावर ओला फडका ठेवण्याचा जुना उपाय खरोखर चालतो. कायमचा इलाज म्हणजे नळी एक्झॉस्टपासून दूर नेणे.

सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा शोषते आणि जुने रबर फुगवते. खाडीकाठच्या दमट हवेत अर्धी टाकी ठेवून पावसाळाभर उभी राहिलेली गाडी म्हणूनच जास्त त्रास देते: तळाशी पाणी साचते, पत्रा गंजतो आणि तांबूस गाळ फिल्टरमध्ये येतो. अशा वेळी फिल्टर बदलत बसण्यापेक्षा टाकी उतरवून धुणे आणि इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या टाकणे स्वस्त पडते.